कार्डाला घातलेले दोन थेंब

मुलाला जहाजावर नोकरी लागली आणि सून आपलं टेबल, खुर्ची आणि लॅपटॉप घेऊन आमच्याकडे राहायला आली, त्या वर्षीची ही गोष्ट.

सुरुवातीलाच सांगते, यंत्राच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायचं कारण नाही! एकतीस वर्षं मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काढली आहेत. पाठ करून उभी असले तरी नुसत्या आवाजावरून सांगायचे, तिसऱ्या रांगेतल्या सातव्या मशीनची सुई वाकली आहे म्हणून. इंजिनियर साहेब यायचे, जाडजूड पुस्तक उघडायचे, पानं उलटायचे, डोकं खाजवायचे आणि शेवटी माझ्याकडे बघायचे. मी जाऊन एक थेंब तेल सोडायचे, चाक हाताने दोनदा फिरवायचे, की मशीन सुरू! अक्षरं मला फार उशिरा आली, पंचावन्नाव्या वर्षी. पण यंत्रं मात्र पहिल्यापासून वाचता येतात, अशी माझी पक्की समजूत होती.

होती, म्हणते आहे.

आमचे हे अँब्युलन्सचे ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं. त्यामुळे संकट आलं की ह्यांचा आवाज एकदम थंड व्हायचा आणि हे सगळ्यांना "बाजूला व्हा" म्हणायचे. संकट नसलं तरी म्हणायचे. दूध उतू गेलं तरी म्हणायचे.

तर सून आली. तिने पुढच्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडलं. तिचं काम पुस्तकांची पानं लावण्याचं. कुठे चित्र बसवायचं, कुठे मजकूर, किती जागा सोडायची, हे सगळं ती लॅपटॉपवर करायची आणि मग छापखान्याला पाठवायची. लॅपटॉपही साधासुधा नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खाचा होत्या, आणि प्रत्येक खाचेत अर्ध्या काडेपेटीएवढं एक कार्ड सरकवलेलं. त्याला एक्स्पान्शन कार्ड म्हणतात. एका कार्डात चार्जरची वायर जायची, एकात मोठ्या पडद्याची, एकात माउसची, आणि चौथ्या कार्डात तिचं सगळं काम साठवलेलं असायचं. लॅपटॉपच्या आत लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे काय गं, असं मी तिला एकदा जेवताना विचारलं. ती पाऊण तास बोलली. भाजी गार झाली. मी पुन्हा विचारलं नाही.

पहिल्याच महिन्यात आमच्या हातून दोन गोष्टी घडल्या. तिच्या टेबलामागच्या वायरी फार अस्ताव्यस्त दिसत होत्या, म्हणून मी त्या सगळ्या काढून नीट गुंडाळल्या आणि केसांच्या पिना लावून टाकल्या. आणि लॅपटॉपच्या पोटाखालच्या भोकांतून धूळ आत जाईल, म्हणून ह्यांनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. त्या भोकांतून तो श्वास घेतो, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?

त्या दिवशी सून आमच्यासमोर येऊन बसली. हात मांडीवर, आवाज अगदी मऊ.

"आई, बाबा, मी रागावलेली नाहीये."

ती इतकी रागावली होती!

"पण माझ्या टेबलाला पुन्हा हात लागला, तर मला कामासाठी बाहेर जागा बघावी लागेल. रोज सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. एवढंच सांगायचं होतं."

एवढंच! आता हे एवढंच म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात दोनच म्हातारी माणसं दिवसभर समोरासमोर बसतात त्यांना विचारा. मला ह्यांना जे सांगायचं होतं ते बेचाळीस वर्षांत सांगून झालं होतं. ह्यांना मला जे सांगायचं होतं ते पहिल्या दोन वर्षांतच संपलं होतं. सून आल्यापासून घरात आवाज होता. अकरा वाजता ती चहाला उठायची, कपाटाला टेकून उभी राहायची आणि कामातलं काहीबाही सांगायची. सध्या तिच्याकडे पक्ष्यांचं पुस्तक होतं. तीनशे बारा पानं! कुठला पक्षी उलटा लटकून झोपतो, कुठला दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, सगळं आम्हाला ठाऊक झालं होतं. हे तर संध्याकाळी फिरायला जाऊन लोकांना थांबवून थांबवून सांगायचे.

तेव्हा मी ठरवलं, टेबलाकडे फिरकायचंही नाही. चार महिने फिरकले नाही. शपथेवर सांगते!

मग तो सोमवार आला.

सून रंगीत पानांचे नमुने बघायला छापखान्यात गेली होती. बुधवारी दुपारी एक वाजेपर्यंत सगळं पुस्तक त्यांच्याकडे पोचायचं होतं. एक म्हणजे एक. त्यानंतर छपाईचं यंत्र दुसऱ्या कामाला लागणार आणि हिचं पुस्तक तीन महिने मागे जाणार, आणि तो छापखाना हिला परत काम देणार नाही, हे तिने मला जेवताना सांगितलं होतं.

मी पडद्याला इस्त्री करून तो लावत होते. पडदा खिडकीचा, आणि खिडकी टेबलाला लागून. त्यात माझा काय दोष? आदल्या दिवशी सून ते कामाचं कार्ड बाहेर काढून परत आत घालताना मी आवाज ऐकला होता. खर्रर्र. कोरडा. अहो, एकतीस वर्षं तो आवाज मी ओळखते! लोखंड लोखंडावर घासतं आहे आणि मध्ये काही नाही, असा तो आवाज. असंच चाललं तर महिन्याभरात खाच झिजणार. मी विचार केला, हात लावायचा नाही, हे खरं. पण तेल म्हणजे हात नव्हे.

माझी लांब चोचीची तेलाची कुपी मी आणली. कार्ड अलगद काढलं. खाचेत एक थेंब, कार्डाच्या कडेला एक थेंब. वरून स्वच्छ फडक्याने टिपून घेतलं आणि परत घातलं. लोण्यात सुरी जावी तसं गेलं! आवाज नाही, काही नाही. मला इतकं समाधान वाटलं की मी पडदा उलटा लावला.

मंगळवारी लॅपटॉप चार वेळा अडकला. सून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, बटण दाबून धरायची, बंद करून पुन्हा सुरू करायची. मी स्वतःला सांगितलं, यंत्राला तेलाची सवय व्हायला एक दिवस लागतोच.

बुधवारी सकाळी साडेनऊला सवयीचा प्रश्नच मिटला.

"अडकला!" सून ओरडली. "परत अडकला!"

मी धावत गेले. लॅपटॉपच्या पडद्यावर एक घुबड होतं. घुबडाच्या डोळ्यावर माउसचा बाण, आणि तो बाण हलेना. घुबडही आमच्याकडे बघत होतं, आम्हीही घुबडाकडे. सुनेने बंद करून सुरू केलं. सुरू झालं. अर्ध्या मिनिटात परत तेच. कार्ड काढलं, सुरू केलं. झकास चाललं! कार्ड घातलं, तीस आकडे मोजले, आणि थप्प!

"म्हणजे कार्डच," सून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला. माझा किती पडला, ते मी बघायला गेले नाही.

तिने फोन लावला तो दाढीवाल्याला. दाढीवाला म्हणजे तिचा लिनक्सवाल्यांच्या गटातला मित्र. राहायला दुसऱ्या गावात. त्याला तिनेही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. फोन लागला की त्याचा फोटो यायचा आणि त्यात दाढीच दाढी, कडेला एक कान. तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"दुसरी प्रत आहे ना कामाची?" दाढीने विचारलं.

"दहा दिवसांपूर्वीची आहे."

"त्यानंतर किती झालं?"

"घुबडापासून पुढचे सगळे पक्षी. एकशे चाळीस पानं."

फोनमधून एक लांब श्वास आला.

"घरात दुसरा कॉम्प्युटर?"

"नाही."

"मिक्सर आहे," हे म्हणाले. ह्यांना काहीतरी मदत करायची होती.

"शेजारी कुणाकडे?"

"सगळे कामावर गेलेत."

"बरं. घाबरू नकोस. दुसऱ्या खाचेत घालून बघ."

दुसऱ्या खाचेत घातलं. तीस आकडे. थप्प. तिसऱ्या खाचेत. थप्प.

"एक सांग, हे कार्ड नेहमी कुठल्या खाचेत असतं?"

सुनेने कपाळाला आठ्या घातल्या. "डावीकडे मागे. पण आज ते उजवीकडे पुढे होतं. मीच बदललं असेन कामाच्या नादात."

हे उठले आणि पाणी प्यायले. सकाळपासूनचा तिसरा तांब्या.

"खाचेत बॅटरी मारून बघ. धूळ, चिकटपणा, काही दिसतंय?"

सून वाकली. एक डोळा मिटून आत बघितलं.

"धूळ अजिबात नाही. उलट चमकतंय."

"चमकतंय म्हणजे?"

"नव्यासारखं."

"मग उत्तम आहे," दाढीवाला म्हणाला.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. सांगून टाकावं का? सांगितलं की सून उद्यापासून बाहेर. नाही सांगितलं तर एकशे चाळीस पानं गेली, आणि तरीही सून बाहेरच, कारण मग तिला काम कोण देणार? विचार करकरून माझं डोकं कपडे पिळल्यासारखं झालं. तेवढ्यात हे मागून आले.

"काय होईल गं?"

"मला काय विचारता?"

"तुला एवढा घाम का आलाय?"

"गॅस पेटवलाय ना."

"गॅस बंद आहे."

"मग तुम्हाला का आलाय?"

ह्यांनी चौथा तांब्या भरून घेतला.

साडेअकरापर्यंत दाढीवाल्याने तिच्याकडून काय काय करून घेतलं! काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावायची. ती वाचून दाखवायची, तो "हं" म्हणायचा. त्याचा "हं" ऐकला की मला बरं वाटायचं. मग तो "हं?" म्हणायचा आणि मी परत देवाचं नाव घ्यायचे.

शेवटी सून तोंड धुवायला न्हाणीघरात गेली. हे पुढच्या खोलीत होते, खिडकीबाहेर बघत. कार्ड टेबलावर एकटंच पडलेलं. आता नाही तर कधीच नाही! तेल गरम केलं की पातळ होतं आणि आपोआप बाहेर येतं, हे कारखान्यातलं पहिल्या वर्षाचं शिक्षण. मी कार्ड उचललं, रुमालात गुंडाळलं, स्वयंपाकघरात आणलं आणि चहाच्या गरम किटलीला टेकवून धरलं. एक मिनिट. दोन मिनिटं. रुमालावर बारीकसा डाग उमटला. येतंय! तेल येतंय!

"आई, कार्ड कुठंय?"

माणूस तोंड धुवायला किती वेळ घेतो? चार मिनिटं? ही दोनच मिनिटांत आली! मी कार्ड स्वेटरच्या खिशात टाकलं आणि बाहेर गेले. बघते तर आमचे हे टेबलाखाली चारी हातापायांवर.

"बाबा, तुम्ही काय करताय तिथं?"

"कार्ड शोधतोय," हे म्हणाले. कार्ड हरवल्याचं सुनेला कळायच्या आधीपासून हे ते शोधत होते, हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

"इथंच ठेवलं होतं मी! आत्ता!" सून खुर्चीच्या गाद्या उचलायला लागली. मीही शोधायला लागले. काय करणार? खिशात कार्ड, मांडीला त्याचा चटका, आणि मी सोफ्याखाली झाडू घालते आहे!

"कपड्यांत बघा," फोनमधून दाढीवाला म्हणाला. "काकू, खिसे तपासा. माझं नेहमी खिशात सापडतं."

त्या माणसाला मी जन्मात माफ केलं नसतं.

"अय्या, हे काय!" मी खिडकीच्या पडद्यामागे वाकून ओरडले. माझा आवाज मलाच खोटा वाटला. "इथं पडलंय बघ!"

सुनेने झडप घालून ते घेतलं आणि लगेच या हातातून त्या हातात केलं.

"हे गरम का आहे?"

"गरम?" दाढीवाला म्हणाला. "लॅपटॉपच्या बाहेर असून?"

"हो."

"किती गरम?"

"चहाच्या कपासारखं."

मग तो हळू आवाजात बोलला. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतात ना, तसा. "वीज नसताना गरम आहे, म्हणजे आतून जळतंय. आता ते लॅपटॉपला लावू नकोस. हातातही धरू नकोस. वाळू आहे का? मातीत पुरून ठेवा."

"आणि माझी पानं?"

"पानं विसर. सॉरी."

ह्यांचा आवाज थंड झाला. "बाजूला व्हा!" हे म्हणाले. चिमट्याने कार्ड उचललं, गॅलरीतल्या कुंडीजवळ नेलं आणि कोरफडीच्या बुडाशी बोटाने खड्डा करायला लागले. सून खुर्चीत बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन उचलला, दाढीवाल्याला थांबायला सांगितलं आणि छापखान्याचा नंबर शोधायला लागली.

"काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"पुस्तक येणार नाही म्हणून. वेळेत सांगितलेलं बरं." घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिचा अंगठा नंबरावर होता.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की गॅलरीत ह्यांच्या हातातला चिमटा पडला. "लावू नकोस! कार्ड जळत नाहीये! मी ते किटलीला लावलं होतं!"

"किटलीला? कशाला?"

"तेल बाहेर यावं म्हणून."

"कसलं तेल?"

"शिलाई मशीनचं. दोनच थेंब गं! सोमवारी. चांगल्यातलं तेल आहे, कपड्याला डाग पडत नाही."

सून माझ्याकडे बघत राहिली. फोनमधून आवाज आला, "काकूंनी कार्डाला तेल घातलं?" आणि मग गॅलरीतून आमचे हे आले. बोटांना माती, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू मुलगा बोटीवरून परत आला!

"तुझ्यामुळे होय!" हे म्हणाले. "अगं, आधी सांगायचं नाही का? मला वाटलं माझ्यामुळे! दोन दिवस झोप नाही मला!"

"तुम्ही काय केलंत, बाबा?" सुनेने विचारलं. आवाज अगदी मऊ.

ह्यांचं हसू मातीत गेलं.

"काही नाही. फिरवले."

"काय फिरवले?"

"टायर. म्हणजे कार्ड. पुढचं मागे, मागचं पुढे, डावं उजवीकडे. गाडीचे टायर दर काही महिन्यांनी फिरवावे लागतात, नाहीतर एकच झिजतो. तुझी पण चारच आहेत. एकट्या डाव्या मागच्यावर सगळा भार! मला बघवेना."

मग फोन बोलला.

"काका, काकू, एक विचारू? तेल कधी घातलं, टायर कधी फिरवले, आणि हा पहिल्यांदा अडकला कधी? नीट आठवून सांगा."

"मंगळवारी अडकला," सून म्हणाली. "की... थांब. आठवत नाही."

"हिची वही आहे की!" हे म्हणाले. "ही रोज लिहिते. आज वांगं किडकं निघालं तेसुद्धा लिहिते. आणतो!"

"वही सापडत नाहीये," मी म्हणाले.

"फ्रिजवर आहे," हे म्हणाले आणि गेलेसुद्धा!

आता ही वही म्हणजे काय, तर मला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहा, नाहीतर आलेली अक्षरं परत जातील. म्हणून मी जे घडेल ते लिहिते. वाचणारं कुणी असेल असा विचार करून लिहीत नाही! मी हात पुढे केला, पण सुनेने वही आधीच उघडली होती. ती मोठ्याने वाचायला लागली.

"शनिवार. सून आज खुशीत होती. दाढीवाल्याने सांगितलं म्हणून तिने लॅपटॉपमधल्या लिनक्सला नवीन गाभा घातला. गाभा म्हणजे काय ते मी विचारलं नाही, जेवायची वेळ झाली होती."

"पुढे?" दाढीवाला.

"रविवार. सून दोनदा अडकला अडकला म्हणून ओरडली. मग म्हणाली कुठल्यातरी साइटमुळे असेल. आज कढई तिने घासली." सुनेने माझ्याकडे बघितलं. "मी ती परत घासली."

मी जमिनीकडे बघितलं. फरशी स्वच्छ होती.

"सोमवार. कार्डाला तेल घातलं, दोन थेंब, आवाज गेला. हे दुपारी तिच्या टेबलापाशी काहीतरी करत होते, विचारलं तर टायर म्हणाले. ह्यांचं आता वय झालं." ह्यांनी मान वर केली. सून पुढे वाचत होती. "सून दिवसभर बाहेर होती. घर फार मोठं वाटलं."

तिने वही मिटली नाही. ती तशीच हातात धरून उभी राहिली.

"रविवारी अडकला," दाढीवाला सावकाश म्हणाला. "म्हणजे तेलाच्या आधी. टायरच्याही आधी."

"आणि शनिवारच्या नंतर," सून म्हणाली. "शनिवारी नवीन गाभा घालायला मला कुणी सांगितलं होतं?"

फोन गप्प.

"हॅलो?"

"आहे, आहे. मी आहे." दाढीवाल्याने घसा साफ केला. "असं कर, सुरू करताना यादी येईल, त्यात जुना गाभा निवड. तो अजून आत असेल. आणि कार्ड... कार्ड कुठं आहे?"

कार्ड कोरफडीच्या बुडाशी होतं. तेलावर माती बसलेली! आमच्या ह्यांच्या अँब्युलन्सच्या दिवसांतल्या पेटीत इंजेक्शनच्या वेळचं स्पिरिट होतं. सुनेने कान साफ करायच्या काडीने कार्ड पुसलं, खाच पुसली, पंख्याखाली वाळवलं. आम्हा दोघांना तिने सोफ्यावर बसवलं होतं. हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं.

बारा अडतीस. जुना गाभा. कार्ड आत. मी आकडे मोजायला लागले. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं बधिर झाली. एकतीस! चाळीस! पडद्यावर घुबड आलं, बाण घुबडाच्या डोळ्यावरून सरकला आणि पान उलटलं. पुढचा पक्षी! त्याच्या पुढचा! मला आयुष्यात कुठल्या पक्ष्याचा एवढा आनंद झाला नव्हता.

गाभा म्हणजे म्हणे लिनक्सचा मेंदू, आणि नवीन गाभ्यात वीज वाचवायची सोय होती. रिकाम्या बसलेल्या कार्डाला तो झोपवायचा. आणि हे कार्ड एकदा झोपलं की उठायचंच नाही, आणि बाकी सगळे त्याची वाट बघत थांबायचे. "कारखान्यात आमच्या पाळीत होती अशी एक," मी म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

बारा एकावन्नला पुस्तक निघालं. बारा अठ्ठावन्नला छापखान्याचा फोन आला, मिळालं म्हणून. दाढीवाल्याने तीनदा माफी मागितली आणि फोन ठेवला. मग खोलीत आम्ही तिघंच उरलो. लॅपटॉपचा पंखा तेवढा चालू.

सून खुर्ची फिरवून आमच्यासमोर बसली.

"आई, बाबा."

"आमची चूक नव्हती ना गं शेवटी?" हे पटकन म्हणाले.

"पण हात लावलात."

"लावला," मी म्हणाले. आता काय लपवायचं?

"मी बाहेरची जागा बघूनसुद्धा आले होते. सोमवारी, छापखान्यातून येताना."

"सोमवारी?" मला धक्काच बसला. "अगं, पण सोमवारी सकाळपर्यंत तर आम्ही काहीच केलं नव्हतं!"

"म्हणून तर बघून आले. चार महिने तुम्ही काहीच केलं नव्हतं. मला भीती वाटायला लागली होती, आता काहीतरी मोठं होणार म्हणून."

ह्यांनी मान खाली घातली. मीही घातली.

"मग? कधीपासून जाणार?" मी विचारलं. आवाज नीट काढायचा प्रयत्न केला, पण तो त्या खाचेसारखा निघाला. तेल घालायच्या आधीच्या.

"तिथं शेजारच्या टेबलावर एक माणूस बसतो. दर मिनिटाला घसा खाकरतो. समोरची बाई फोनवर भांडते. आणि सगळे माझ्या पडद्यात डोकावतात, वर सल्ले देतात." सून उठली आणि वही माझ्या हातात दिली. "तुम्ही दोघं निदान जे करता ते गुपचूप करता. मी इथंच बसते. पण तेलाची कुपी माझ्या कपाटात राहील. चावी माझ्याकडे."

मी कुपी आणून दिली. एका अटीवर, की कढई मी घासणार.

आमचे हे पुढच्या वर्षी, मार्चच्या सतरा तारखेला, सकाळी पावणेअकराला गेले. सून घरातच होती.